हातचं राखून

इस्क्रा, हा डावीकडचा खुंटा म्हणजे गेन.
आवाज यंत्रात शिरतो तो इथून.
पलीकडच्या सरकपट्टीला आज हात लावू नकोस,
ती नंतरची. माणूस घरात आल्यावर
त्याला कुठे बसवायचं, एवढंच तिचं काम.
दाराची उंची हा खुंटा ठरवतो.

आणि काट्यावरचं शून्य नीट बघून ठेव.
इथे शून्य म्हणजे काही नाही असं नाही.
शून्य म्हणजे छत.

दार बुटकं असलं की काय होतं
ते मला स्तामेनाने शिकवलं.
शाळेच्या भटारखान्यात होती. सहा फुटांना दोन बोटं कमी.
फेब्रुवारी. स्मोल्यानच्या वरचं हेच गाव,
वाचनालयाचं सभागृह, लाकडाची शेगडी,
कोट न काढता बसणारी सत्तर-ऐंशी माणसं.
दुपारच्या चाचणीला तिने दोन ओळी म्हटल्या,
हात खिशात, गालात लवंग,
सगळं लक्ष घरी शिजत ठेवलेल्या घेवड्याकडे.
काटा कसाबसा हलला. मी गेन वाढवला.
मग आणखी जरा.
पंचविशीत होतो, मला कुजबुजसुद्धा भरघोस हवी होती.

ती हातचं राखून गात होती
आणि मी हातचा काही ठेवलाच नाही.

रात्री आसेनने गायदा काखेत घेतली.
बोकडाच्या कातड्याचं ते वाद्य, हळू वाजणं त्याच्या रक्तात नाही.
पिशवीवर कोपर पडलं
आणि लाल दिवा एकदा लुकलुकला.
एकदा चालतं, मी स्वतःला म्हणालो.

मग ती गायली.
मेंढ्या घेऊन हिवाळ्यात समुद्राकडे उतरलेल्या
आणि वसंतात फक्त मेंढ्याच परत आलेल्या
कुणाच्या तरी भावाचं गाणं.
तिसऱ्या कडव्यात ‘भावा’ म्हणताना
तिने खिशातून हात काढले.

दिवा लुकलुकला नाही. लागूनच राहिला.
सभागृहात शेगडीचं झाकण थरथरलं
आणि माझ्या कानात, हेडफोनमध्ये,
मांजरपाट फाटावा तसं काहीतरी फाटलं.
खुंटा पिळला मी.
तोवर ती चौथ्या कडव्यात होती.

पहाटे पडद्यावर बघितलं.
रोडोपीसारखीच ओळ, चढ, उतार, चढ,
आणि ‘भावा’च्या जागी विळ्याने सपाट कापलेलं.
आवाज कमी करून बघितला.
पठार खाली नेलं की बुटकं पठार होतं,
शिखर होत नाही.

ऐकवायला भटारखान्यात गेलो.
पिठाचे हात, एकाच कानाला हेडफोन.
तिसऱ्या कडव्याशी तिने नकळत मान वाकवली.
‘इथे तुझं दार बुटकं आहे,’ म्हणाली
आणि डाव उचलून पातेल्याकडे वळली.

पुढच्या हिवाळ्यात मी जागा सोडली, ऐसपैस.
तिला खोकला होता. जागा तशीच राहिली.
त्यानंतर ती गायली नाही.
फाटलेलं रेकॉर्डिंग मी पुसलेलं नाही.
कशाला, ते विचारू नकोस.

तर चाचणीला त्यांना सगळ्यात मोठं कडवं मागत जा.
देणार नाहीत. दुपारी कुणी देत नाही.
जे मिळेल त्याच्या वर बारा डेसिबल मोकळे ठेव,
गायदा असेल तर अजून.
काटा खालीच रेंगाळतोय म्हणून घाबरू नकोस.
हळू आलेलं नंतर उचलता येतं,
फार तर शेगडीची टिकटिक थोडी वर येईल.
येऊ दे. शेगडी होतीच तिथे.
आणि टाळ्या विसरू नकोस,
त्या गाण्याहून मोठ्या असतात, आणि न सांगता येतात.

आज स्तामेनाची भाची आहे.
दुपारी बघितलंस ना तिला?
दोन ओळी म्हटल्या. हात खिशात.

खुंटा खाली घे.

अजून.